दोरा बांधलेली वायर

गाडीचं जुनं इंजिन मेलं ते ऐन उन्हाळ्यात, टेकडीच्या चढावर, मागे दुधाचे कॅन भरलेले असताना. आधी ठकठक आली, मग धूर आला, आणि मग काहीच आलं नाही. दूधवाल्याने खाली उतरून बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि परत मिटलं. इंजिनातलं त्याला फार कळत नसे, पण मेलेलं कळत होतं.

खरं तर ते इंजिन त्याला विकलं तेव्हाच अर्धमेलं होतं. विकणाऱ्याने आत जाड तेल ओतून ठकठक दाबून टाकली होती. गाडी घरी आली, तेल पातळ झालं, आणि आतली सगळी हाडं वाजायला लागली. तेव्हापासून ह्या माणसाचा कोणावर म्हणून विश्वास राहिला नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात, आणि ह्याचा तर धंदाच दुधाचा. भाजी घेताना तो तराजूचं पारडं उलटं करून खाली काही चिकटवलंय का ते बघायचा. न्हाव्याला पातं डोळ्यांसमोर फोडायला लावायचा. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही आरशात बघतानासुद्धा असे बघता, की समोरचा काहीतरी घेऊन पळेल."

पण गाडी बंद म्हणजे चूल बंद. टेकडीच्या अलीकडच्या वस्त्यांचं दूध पलीकडच्या केंद्रावर पोचवायचं काम त्याच्याकडे होतं, आणि ते काम आपल्याकडे यावं म्हणून लाल टेम्पोवाला कधीचा टपून बसला होता, असं दूधवाल्याचं मत होतं. लाल टेम्पोवाल्याने तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. दूधवाल्याच्या हिशेबी हाच त्याचा पुरावा.

अशा वेळी धावून आला तो बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे डावऱ्या म्हणत, कारण पाना, पक्कड, घास, सगळं त्याचं डाव्या हाताने. इतकी वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात राबून त्याने नुकतंच फाट्यावर पत्र्याचं स्वतःचं दुकान टाकलं होतं. कुठल्यातरी भंगारातून त्याने अपघातात चेपलेल्या एका कारचं इंजिन शोधून आणलं, अंगणातल्या झाडाला साखळी-कप्पी बांधली, जुनं इंजिन वर उचललं आणि नवं खाली सोडलं. ते बसवायला त्याने लोखंडी पट्ट्या कापल्या, वेल्डिंग केलं, पाठ भाजून घेतली. बनियनचा रंग ओळखू येत नव्हता. ताईने दिलेलं पाणी तो अर्धं पीत होता आणि अर्धं डोक्यावर ओतत होता.

दूधवाला बाजूला उभा राहून सगळं बघत होता. मदत करत होता असंही म्हणता येईल, पण त्याचे डोळे हातांपेक्षा जास्त काम करत होते.

"एवढं फुकटात कोण करतं गं?" त्याच्या आईने उंबऱ्यावर बसल्या बसल्या सुनेला विचारलं.

"भाऊ करतो," सून म्हणाली आणि आत गेली.

इंजिन बसलं, सुरू झालं, आवाजही गोड आला. राहिला पंखा. जुन्या इंजिनाचा पंखा पट्ट्यावर फिरायचा, इंजिन चालू की पंखा चालू. ह्या नव्या इंजिनाला पुढे पंखाच नव्हता. कारचा पंखा विजेवरचा होता, तो डावऱ्याने आणून रेडिएटरच्या मागे बसवला होता. आता त्याला वायर ओढायची होती.

"दाजी, वायर आणलीत?"

दूधवाल्याने काळ्या वायरचं भेंडोळं पुढे केलं.

"लाल?"

"लाल जुना माल होता. रंग उडालेला. दुकानदार गळ्यात मारत होता, मी म्हटलं काळीच दे दोन्ही."

"अहो, रंग उडाला म्हणून वीज आंबते होय?" डावऱ्या हसला. मान खाली घालून कामाला लागला. बॅटरीपासून एक वायर, मधे फ्यूज, पुढे रिले. रिले म्हणजे काडेपेटीएवढी डबी. इंजिन तापलं की ती टक् करते आणि पंख्याला वीज सोडते. ती डबी डावऱ्याने खिशातून काढली तेव्हा तिच्यावर आधीच्या गाडीची धूळ होती.

"हा कुठला?"

"मिळवला एका ठिकाणाहून."

एका ठिकाणाहून. दूधवाल्याने ते शब्द सुपारीसारखे गालात धरून ठेवले.

तो पाणी प्यायला आत गेला आणि बाहेर आला, तर बहीण-भाऊ पंख्यापाशी डोक्याला डोकं लावून उभे. बायकोच्या हातात शिवणाचा दोरा होता. पंख्याच्या मोटरीतून दोन वायरी बाहेर येत होत्या, दोन्ही काळ्या. त्यातल्या एकीला तिने पांढरा दोरा गुंडाळला, दोन गाठी मारल्या आणि उरलेला दाताने तोडला. मग ती म्हणाली, "जाऊ दे, ह्यांना नको सांगूस आता."

तिने वर बघितलं तर हे दारात. ती दोऱ्याचं रीळ घेऊन आत निघून गेली.

काय नको सांगूस? विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. पण विचारलं की समोरचा सावध होतो, हे त्याचं शास्त्र.

डावऱ्याने जोड मारले, त्यावर टेप गुंडाळली आणि इंजिन सुरू केलं. बराच वेळ नुसती गुरगुर चालली. मग रिले टक् झाला आणि पंखा घोंगावला. डावऱ्याने वर्तमानपत्राचं एक पान घेतलं, गाडीच्या पुढे जाऊन जाळीसमोर धरलं आणि सोडलं. पान जाळीला घट्ट चिकटून बसलं.

"बघा दाजी. वारा बाहेरून आत ओढला पाहिजे. ओढतोय. आता टेकडी चढा नाहीतर डोंगर, तापमानाचा काटा अर्ध्यावर राहील."

दूधवाल्याने पान बघितलं, काटा बघितला, आणि मग वायरचं उरलेलं भेंडोळं हातात घेऊन वजन बघितलं. त्याला ते फार हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी झकास चालली. टेकडी चढली, काटा अर्ध्यावर राहिला, दूध वेळेत पोचलं. दुसऱ्या कोणाला आनंद झाला असता. दूधवाल्यालाही झाला, पण फाट्यापर्यंतच टिकला. फाट्यावर डावऱ्याच्या दुकानासमोर लाल टेम्पो उभा होता. डावऱ्या त्याच्या तोंडाशी गुडघ्यावर बसला होता आणि लाल टेम्पोवाला वर उभा राहून त्याच्याशी हसून बोलत होता. डावऱ्याच्या डाव्या हातात काळी वायर होती.

दूधवाल्याने गाडी थांबवली नाही. उलट जरा जोरातच पळवली.

जगात काळी वायर काय एकट्या त्याच्याच घरी होती? पण संशय एकदा डोक्यात शिरला की त्याला सगळीकडे आपलंच सामान दिसतं. घरी येईपर्यंत त्याने गणित जुळवलं. नवी वायर गेली लाल टेम्पोत. आपल्या गाडीत जुने तुकडे एकमेकांना जोडून वर टेप मारली. ते झाकायला दोरा. आणि बायकोला हे माहीत आहे.

दुपार तापली होती. झाडाच्या सावलीत कोंबड्या चोची उघडून बसल्या होत्या. बायको चारा कापायला गेली होती. दूधवाल्याने बॉनेट उघडलं. पत्रा इतका तापला होता की त्याने हात झटकला आणि डोक्याचं फडकं मधे धरलं.

"काय बघतोस?" उंबऱ्यावरून आई म्हणाली.

"काही नाही."

"बघ, बघ. बघितलेलं बरं. तुझ्या बापाने कधी बघितलं नाही, म्हणून सगळ्यांनी लुटला त्याला."

त्याने आधी दोरा ब्लेडने कापला. खाली काही नव्हतं, नुसती वायर. मग एका जोडाची टेप सोडली. ती नेहमीच्या उलट्या बाजूने गुंडाळलेली होती, त्यामुळे सोडताना त्याची बोटं दोनदा अडखळली. आत नव्या तांब्याच्या तारा एकमेकांत वेणीसारख्या घट्ट विणलेल्या होत्या, चकचकीत. त्याने दुसरा जोड सोडला. तोही तसाच. मग संपूर्ण वायर त्याने चिमटीत धरून बॅटरीपर्यंत चाचपत नेली. एक तुकडा जुना नाही, एक जोड चोरटा नाही. डावऱ्याने वायर इंजिनाच्या गरम भागाला लांबचा वळसा घालून नेली होती, म्हणून ती जास्त लागली होती.

त्याला बरं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. चोर सापडला नाही की राखणदाराला जसं उगाच चुकल्यासारखं होतं, तसं झालं.

त्याने वायरी पुन्हा पिरगळल्या, आपल्या परीने घट्ट. चारही टोकं काळी. कोणती कोणाला होती, हा प्रश्न त्याच्या मनात आला का? आला, आणि गेला. वायर ती वायर. पंख्याला वीज मिळाल्याशी कारण. त्याने नवी टेप गुंडाळली, दोऱ्याचा तुकडा पायाने मातीत सारला आणि इंजिन सुरू करून पंख्याची वाट बघत बसला. रिले टक् झाला, पंखा फिरला. झालं तर मग. त्याने बॉनेट मिटलं आणि हात धुतले. आई म्हणाली, "मिळालं काही?" तो म्हणाला, "नाही अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडी अर्धी चढली नाही तोच काटा अर्ध्याच्या वर गेला. त्याने गिअर बदलला. काटा आणखी वर गेला. बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली आणि गोडसर जळका वास आला. त्याने गाडी कडेला घेतली. पंखा जोरात फिरत होता, त्याचा आवाज स्पष्ट येत होता. फिरत होता आणि तरी इंजिन उकळत होतं.

"हरामखोर," दूधवाला म्हणाला. पंख्याला नाही, मेहुण्याला.

ऊन वर चढलं. कॅनवर ओली पोती टाकली होती, ती वाळून खडखडीत झाली. त्याने पिण्याचं पाणी पोत्यांवर ओतलं, मग रेडिएटरसाठी पाणी उरलं नाही. तो झाकणापाशी बोटं भाजत उभा असताना खालून लाल टेम्पो आला आणि थांबला.

"काय हो, तापली?" लाल टेम्पोवाला पाण्याचा कॅन घेऊनच उतरला. "घ्या पाणी. आणि दूध माझ्याकडे टाका, माझी मागची बाजू मोकळी आहे. पोचवतो."

हा बरोबर मागोमाग कसा आला? पाणी भरून कसा आला? आणि मोकळा कसा आला?

"पाणी द्या. दूध राहू द्या," दूधवाला म्हणाला.

"अहो, नासेल."

"नासू द्या. माझं आहे."

लाल टेम्पोवाल्याने खांदे उडवले, पाण्याचा कॅन तिथेच ठेवला आणि गेला. गाडी थंड होईपर्यंत, चार पावलं चढून पुन्हा तापेपर्यंत, पुन्हा थंड होईपर्यंत दुपार झाली. केंद्रावर दूध तपासणाऱ्या बाईंनी पहिल्या कॅनचं झाकण उघडलं, नाक जवळ नेलं आणि झाकण परत लावलं. दुसरा कॅन त्यांनी उघडलासुद्धा नाही.

"हे परत न्या."

"बाई, एक कॅन तरी बघा. सकाळच्या थंड वेळेचं आहे."

"तुम्हीच पिऊन दाखवा." बाई रागावल्या नव्हत्या, हेच वाईट होतं. "दादा, पुन्हा एकदा असं झालं, तर तुमच्या बाजूचं दूध दुसऱ्या गाडीने आणायचं ठरलंय. वरून सांगणं आहे."

मागे रांगेतले लोक ऐकत होते. दूधवाल्याने कॅन एकट्याने उचलून पुन्हा गाडीत टाकले. नासलेलं दूधही ताज्याइतकंच जड असतं. खांद्यावर सांडलेलं आंबट दूध उन्हात वाळून शर्ट ताठ झाला, आणि माश्या टेकडी उतरेपर्यंत बरोबर आल्या.

परतीच्या वाटेवर प्रत्येक थांब्याला लोक रिकामे कॅन घ्यायला उभे होते, आणि हा भरलेले परत घेऊन आला होता. काहीतरी सांगायला हवं होतं. पहिल्या थांब्याला तो म्हणाला, "मेहुण्याने पंखा बसवला, फसवला मला." दुसऱ्या थांब्याला म्हणाला, "नवी वायर दिली त्याला, काय घातलं देव जाणे." तिसऱ्या थांब्यापर्यंत बोलणं चांगलं मुरलं होतं. "जुना माल घातला आणि नवा लाल टेम्पोला दिला. त्याच्या दुकानात गाडी घालू नका, आतलं काळीज काढून घेईल."

एका म्हशीच्या दुधावर घर चालवणाऱ्या एका म्हातारीने आपल्या वाटणीचं नासलेलं दूध ओट्याखाली ओतलं. कुत्री धावली. "सख्खा मेहुणा!" ती म्हणाली. "आता विश्वास ठेवायचा कोणावर?"

"तेच म्हणतो मी," दूधवाला म्हणाला, आणि त्याही स्थितीत त्याला जरा बरं वाटलं. आपल्याला जे आधीपासून माहीत होतं ते आता सगळ्यांना कळलं होतं.

बोलणं गाडीच्या आधी पळतं. तो घरी पोचला तेव्हा बायको अंगणात उभी होती, हात कमरेवर नाही, पदरात गुंडाळलेले. ती चिडली की भांडायची. आज नुसती बघत होती.

"तुम्ही माझ्या भावाला चोर म्हणालात?"

"गाडी उकळली टेकडीवर. दूध गेलं."

"मी काय विचारलं?"

"अगं, मी बघितलंय त्याला लाल टेम्पोपाशी. माझी वायर हातात घेऊन!"

"आपला माणूस तो आपलाच," उंबऱ्यावरून सासू म्हणाली, "आणि बाहेरचा तो बाहेरचा. मी आधीच म्हटलं होतं."

सून तिच्याकडे वळली नाही. तेवढ्यात फाट्याकडून मोटरसायकल आली. डावऱ्या उतरला. त्याचे हात स्वच्छ होते. भर कामाच्या दिवशी मेकॅनिकचे हात स्वच्छ बघून दूधवाल्याला कसंतरीच वाटलं.

"ताई, पाणी दे," तो म्हणाला. प्यायला, भांडं खाली ठेवलं. "एक ट्रॅक्टर खोलून ठेवला होता मी. मालक येऊन तसाच ओढून घेऊन गेला. सुटे भाग पोत्यात घालून. म्हणाला, दुसरीकडे जोडून घेतो. दुसरा एकजण उद्या येणार होता, त्याने नको म्हणून निरोप पाठवला." हे तो ताईला सांगत होता. मग दाजींकडे न बघता म्हणाला, "भांडू नंतर. आधी गाडी बघू."

त्याने बॉनेट वर केलं. हात सरळ पंख्याच्या वायरींकडे गेला आणि टेपवर थांबला. त्याने टेपच्या टोकावर नख फिरवलं. ही टेप उजव्या हाताने गुंडाळलेली होती. त्याची स्वतःची टेप नेहमी उलटी जायची. गॅरेजात सगळे त्यावरून चिडवायचे, डावऱ्याचा जोड आंधळाही ओळखेल.

"दाजी, हे कोणी उघडलं होतं का?"

"कोण उघडणार?" दूधवाला म्हणाला. उत्तर इतक्या पटकन आलं की त्याला स्वतःलाच ते ऐकून धक्का बसला.

डावऱ्याने वर बघितलं. फार वेळ नाही बघितलं. मग इंजिन सुरू केलं आणि सगळे गाडीभोवती उभे राहिले. रिले टक् झाला. पंखा घोंगावला. डावऱ्याने आसपास शोधून एक चुरगळलेलं वर्तमानपत्राचं पान उचललं, सरळ केलं आणि जाळीसमोर धरून सोडलं.

पान उडून दूधवाल्याच्या पायाशी पडलं.

"उलटा फिरतोय," डावऱ्या म्हणाला. "वायरी उलट्या जोडल्या की मोटर उलटी फिरते. समोरून येणारा वारा आत ओढायचा सोडून बाहेर ढकलतोय. सपाटीवर कळत नाही. चढावर गाडी हळू झाली की उकळणारच." त्याने इंजिन बंद केलं. अंगणात एकदम शांत झालं. "असेल. माझ्याकडूनच झालं असेल. घाईत उलटं लागलं असेल."

दूधवाल्याला ते शब्द ऐकू आले आणि त्याचे खांदे सैल झाले. सुटलो. आणि लगेच दुसरा विचार आला, सवयीने: हा का कबूल करतोय? ह्यात ह्याचा काय फायदा? त्याने शोधून बघितलं. फायदा सापडेना. ताईच्या घरात भांडण नको, एवढंच काय ते सापडलं, आणि ते सापडल्यावर त्याला मेहुण्याच्या तोंडाकडे बघवेना.

"तुझ्याकडून कसं होईल?" बायको म्हणाली. "तू पान चिकटवून दाखवलं होतंस. चढली होती गाडी एकदा." ती वाकली आणि तिने आत बघितलं. "आणि दोरा कुठाय? मी माझ्या हाताने दोन गाठी मारल्या होत्या. दोन्ही वायरी काळ्या, म्हणून खूण केली होती. दोरा बांधलेली बॅटरीकडे जोडायची, बिनदोऱ्याची गाडीच्या पत्र्याला. हा म्हणत होता, दाजींना सांगतो, पुढच्या वेळी लाल वायर आणा म्हणून. मीच म्हटलं नको सांगूस, तुमच्या खरेदीला नाव ठेवल्यासारखं होईल."

ती सासूकडे वळली. "आई, तुम्ही दिवसभर इथंच असता. कोणी आलं होतं गाडीपाशी?"

म्हातारीने पदराने डोळे पुसले, पुसण्यासारखं काही नसताना. "मला काय दिसतंय बाई ह्या वयात. सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

बायको आत गेली आणि रीळ घेऊन आली. तिने हातभर दोरा तोडला आणि तो नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. बांधा. कोणत्या वायरीला ते तुम्हीच सांगा."

दूधवाला तो दोरा घेऊन उभा राहिला. दोऱ्याला वजन ते काय असणार, पण हात खाली जात होता. समोर दोन काळ्या वायरी. त्याला खरंच माहीत नव्हतं. तेव्हाही नव्हतं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. दोरा त्याने बोटाला गुंडाळला आणि पुन्हा सोडला. "मला नाही माहीत. मीच सोडलं होतं. आत जुने तुकडे आहेत का बघायला. नव्हते."

कोंबडी मधून चालत गेली.

"रिले लाल टेम्पोवाल्याकडचा होता," डावऱ्या म्हणाला. "त्याचं नाव काढलं तर तुम्ही बसवू दिला नसता. बदल्यात काल त्याच्या हॉर्नची वायर नीट करून दिली." मग त्याने दाजींच्या हातातून दोरा घेतला, टेप सोडली, वायरी बदलल्या, आणि दोरा बांधून एक टोक ताईपुढे केलं. तिने दोन गाठी मारल्या. पान पुन्हा जाळीला चिकटलं. तो चहाला थांबला नाही. मोटरसायकलला लाथ मारताना एवढंच म्हणाला, "दाजी, विचारायचं होतं हो."

दुसऱ्या दिवशी गाडी टेकडी अशी चढली की काटा जागचा हलला नाही. केंद्रावरच्या बाईंनी झाकणं उघडली, वास घेतला आणि मान हलवून पुढे जायला सांगितलं. काम वाचलं. परत येताना तो पहिल्याच थांब्याला गाडीतून उतरला. एरवी तो वरूनच रिकामे कॅन द्यायचा.

"मेहुण्याची चूक नव्हती," तो म्हणाला. "वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. त्याच्या मागे, मीच."

"असं होय," कॅन घेणारा म्हणाला, आणि शेजारच्याकडे बघून किंचित हसला.

दुसऱ्या थांब्याला एकजण म्हणाला, "बरोबर आहे. घरात राहायचंय ना तुम्हाला. बायकोच्या भावाला किती दिवस चोर म्हणणार?"

"अहो, खरंच सांगतोय. मी उघडलं होतं."

"आम्ही कुठं खोटं म्हणतोय?"

एका म्हशीवाल्या त्या म्हातारीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. तिने डोळे बारीक केले, मान एका बाजूला कलती केली आणि त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. ती नजर दूधवाल्याच्या पक्की ओळखीची होती. तराजूच्या पारड्याकडे तो तसाच बघायचा.

"बायकोने पढवलंय तुला," म्हातारी म्हणाली. "जा, पोरा. मी कोणाला सांगणार नाही."

तो गाडीत बसला आणि बराच वेळ किल्ली फिरवली नाही. काल खोटं बोललो ते एका फेरीत सगळ्यांच्या घरात शिरलं. आज खरं सांगतोय तर ते दारातूनच परत येतंय, नासलेल्या कॅनसारखं. त्याला रडू आलं. तो रडला नाही, पण आलं होतं.

फाट्यावर डावऱ्याचं दुकान उघडं होतं. आत एकही गाडी नव्हती. डावऱ्या रिकाम्या खोक्यावर बसून पुसून झालेलेच पाने पुन्हा पुसत होता. दूधवाल्याने गाडी रस्त्यावरून वळवली, दुकानाच्या अगदी तोंडाशी लावली, उतरला आणि बॉनेट पूर्ण वर केलं.

डावऱ्या घाईघाईने बाहेर आला. "काय झालं दाजी? पुन्हा तापली?"

"नाही."

"मग? आवाज येतोय का काही?"

"काही झालेलं नाही. उघडून ठेवतो जरा वेळ. रोज ठेवीन."

डावऱ्याने त्याच्याकडे बघितलं, मग उघड्या बॉनेटमधे बघितलं, जिथे काळ्या वायरीवर पांढरा दोरा होता. रस्त्यावरून दोन मोटरसायकली आणि एक ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरवाल्याने मान वळवून बघितलं.

"ऊन आहे हो इथं," डावऱ्या म्हणाला. "मागे झाडाखाली लावा."

"नको," दूधवाला म्हणाला. "तिथं रस्त्यावरून दिसत नाही."